कशाला पाहिजे?

१

माहिती अधिकार कायद्यात ६(२) हे एक छोटं कलम आहे. माहिती मागणाऱ्याला ती कशासाठी हवी आहे हे विचारायचं नाही आणि संपर्कासाठी लागेल तेवढं सोडून त्याची वैयक्तिक माहितीही मागायची नाही, एवढंच ते सांगतं. कायदा आला २००५ मध्ये. तेव्हा माझ्या पिढीची पोरं तिसरी-चौथीत होती, त्यामुळे आपल्याला त्याचं फारसं अप्रूप नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, अर्ज टाकायचा, तीस दिवस थांबायचं. त्यात काय एवढं?

अप्रूप कळायला आधीची पद्धत आठवावी लागते. सरकारी खिडकीवरचा पहिला प्रश्न ‘कशाला पाहिजे?’ हाच असायचा. खरं तर अजूनही असतो. नांदेड-परभणीकडं त्याचं ‘कामून पायजे?’ होतं. ऐकायला साधा प्रश्न आहे. दुकानदारही विचारतो, बल्ब कशाला पाहिजे, घरात लावायला का गोठ्यात? पण दुकानदार योग्य बल्ब देता यावा म्हणून विचारतो, आणि खिडकीतला माणूस द्यायचं का नाही हे ठरवायला विचारतो. आपण उत्तर द्यायला लागलो की बाजू मांडायला लागतो, मग थोडी अजिजी येते, मग ‘साहेब, तेवढं बघा ना’ येतं. प्रश्न यायच्या आधी आपण नागरिक असतो. उत्तर संपेपर्यंत याचक झालेलो असतो.

६(२) नं निदान कायद्यापुरतं हे थांबवलं. पण एका ठिकाणी तो प्रश्न अजून कायदेशीरपणे विचारला जातो, आणि ते ठिकाण साधंसुधं नाही. ते म्हणजे राज्यातलं सगळ्यात वरचं कोर्ट, हायकोर्ट. काही कागदांच्या बाबतीत हायकोर्ट तुम्हाला ‘कशाला पाहिजे?’ असं विचारू शकतं, आणि सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलेलं आहे. म्हणजे कायद्याचं उत्तर मिळालेलं आहे. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं: हा प्रश्न विचारणं बरोबर आहे का?

२

नांदेड-लातूरच्या माणसासाठी हायकोर्ट म्हणजे औरंगाबाद खंडपीठ. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण लोकांच्या बोलण्यात खंडपीठ म्हटलं की ते तेच. २७ ऑगस्ट १९८१ ला ते सुरू झालं. लातूर जिल्हा तर तेव्हा झालाही नव्हता, तो १९८२ चा. त्याआधी मराठवाड्यातल्या पक्षकाराला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागायची. खंडपीठाचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये मिटला. आता नांदेडचा माणूस देवगिरी नाहीतर तपोवननं जातो, लातूरचा अंबाजोगाई, केज, बीड, गेवराई करत एसटीनं. न्याय जवळ आला पाहिजे ही मराठवाड्याची जुनी मागणी होती, आणि किलोमीटरमध्ये तो खरोखर जवळ आला. कागदांच्या बाबतीत किती जवळ आला, हे बघायला थोडा कायदा समजून घ्यावा लागतो.

हायकोर्टात दोन प्रकारचे कागद असतात. एक प्रशासकीय: किती पदं रिकामी, किती खर्च, कोणती खरेदी. दुसरे न्यायिक: खटल्याच्या फाइलमधले अर्ज, शपथपत्रं, पुरावे, रोजनामा.

पहिल्या प्रकारावर माहिती अधिकार चालतो. मात्र कायद्याच्या कलम २८ नुसार हायकोर्टाचे नियम त्याचे मुख्य न्यायमूर्तीच करतात. अलाहाबाद हायकोर्टानं अशा नियमांत अर्जाची फी पाचशे रुपये ठेवली होती. ‘कॉमन कॉज’ ही संस्था सुप्रीम कोर्टात गेली. मार्च २०१८ मध्ये न्या. आदर्श गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या पीठानं सांगितलं की अर्जाची फी साधारणपणे पन्नास रुपयांच्या वर नको, प्रतीला पानामागं पाच रुपयांच्या वर नको, आणि हेतू विचारायची गरज नाही. पुढं १३ नोव्हेंबर २०१९ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सरन्यायाधीशांचं कार्यालयही माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं असा निकाल दिला. इथपर्यंत दिशा सरळ दिसते.

मग ४ मार्च २०२० चा निकाल आला. प्रकरण गुजरात हायकोर्टाचं होतं. एका नागरिकानं तिथल्या दोन प्रकरणांचे कागद माहिती अधिकारात मागितले. हायकोर्टाचा नियम असा की खटल्यात पक्षकार नसलेल्याला नक्कल हवी असेल तर त्यानं अर्जासोबत शपथपत्र द्यावं आणि त्यात कारण लिहावं. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की हा नियम माहिती अधिकाराच्या विरोधात नाही. नियम नक्कल नाकारत नाही, फक्त ती मिळवायचा मार्ग ठरवतो, आणि असा मार्ग उपलब्ध असताना न्यायिक कागदांसाठी माहिती अधिकार वापरता येणार नाही. असेच नियम इतर अनेक हायकोर्टांचेही आहेत.

आता याच्या शेजारी एक दुसरा निकाल ठेवून बघा. एप्रिल २००८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं डॉ. सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात सांगितलं की ‘माहिती’ या शब्दाच्या व्याख्येत ‘का?’ या प्रश्नाचं उत्तर बसत नाही. कागदावर जे आहे ते मागा, अमुक असं का केलं हे विचारू नका. त्या निकालामागचं तर्कशास्त्र मला पटतं. नोंद नसलेली कारणं माहिती अधिकाऱ्यानं मनानं कशी रचायची? पण दोन्ही निकाल एकत्र वाचले की एक विचित्र चित्र तयार होतं. नागरिकानं संस्थेला ‘का’ विचारायचं नाही. संस्था मात्र नागरिकाला ‘का’ विचारू शकते. ज्याच्याकडं सत्ता कमी, त्यानंच स्पष्टीकरण द्यायचं.

३

इथं कोर्टाची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही.

खटल्याची फाइल रस्त्याच्या टेंडरसारखी नसते. तिच्यात माणसं असतात. घटस्फोटाच्या अर्जातले आरोप, हुंड्याच्या केसमधल्या चिठ्ठ्या, कुणाचे दवाखान्याचे कागद, कुणाचा पगार, कुणाच्या जमिनीचा वाटा. ही माणसं कोर्टात हौसेनं आलेली नसतात. दुसरा कुठला दरवाजा उरला नाही म्हणून आलेली असतात. गाऱ्हाणं मांडायचं तर घरातलं सगळं चव्हाट्यावर येणार अशी भीती बसली, तर निम्मे लोक कोर्टाची पायरीच चढणार नाहीत. आणि लातूर-नांदेड ही काही मोठी शहरं नाहीत. स्थळ बघताना मुलाच्या आडनावासकट गुगल केलं जातं. दहा वर्षांपूर्वी निर्दोष सुटलेल्या माणसाचं नाव निकालासकट वर येतं, आणि बघणारा फक्त ‘केस होती’ एवढंच वाचतो.

ही काळजी जुनी आहे, आणि तिचा सगळ्यात गाजलेला खटला मुंबईचाच आहे. १९६४ मध्ये मुंबई हायकोर्टात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्ध बदनामीचा दावा चालू होता. आपली साक्ष छापून आली तर धंद्याला फटका बसतो, असं एका साक्षीदारानं सांगितलं. न्या. वि. म. तारकुंडे यांनी त्याची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. हे तेच तारकुंडे, जे पुढं नागरी हक्कांच्या चळवळीतलं मोठं नाव झाले. नरेश मिरजकर आणि इतर पत्रकार सुप्रीम कोर्टात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमतानं लिहिलं की खुली सुनावणी हाच नियम, पण न्यायासाठी गरज पडली तर कोर्ट दार लोटून घेऊ शकतं. न्या. हिदायतुल्ला यांनी वेगळं मत नोंदवलं.

त्या निकालावर टीका करता येते आणि झालीही आहे. मला त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. तारकुंडे यांनी ‘ब्लिट्झ’च्या वाचकांना तुम्हाला हे कशाला वाचायचंय, असं विचारलं नव्हतं. साक्षीदाराला काय इजा होईल, हे बघितलं होतं. दार बंद करणं बरोबर असो वा चूक, निदान प्रश्न योग्य जागी विचारला गेला. कागद उघडला तर कुणाचं नुकसान होतं, हे बघणं वेगळं. मागणाऱ्याचं मन तपासणं वेगळं. आपण दोन्ही गोष्टींना ‘गोपनीयता’ हे एकच नाव देतो आणि तिथंच घोटाळा सुरू होतो.

४

माझे एक चुलते आहेत. गावाजवळच्या साठवण तलावात त्यांची जमीन गेली, शेजाऱ्याचीही गेली. दोघांची एकाच अधिसूचनेखाली. शेजारी वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात गेला. काका गेले नाहीत. वकिलाची फी, तारखा आणि शेतीची कामं यांचा हिशेब त्यांना जमला नाही.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात अशा माणसांसाठीच कलम २८-अ होतं. २०१३ च्या कायद्यात त्याची जागा कलम ७३ नं घेतली. एकाच अधिसूचनेतल्या एका शेतकऱ्याला कोर्टानं जास्त दर दिला, तर कोर्टात न गेलेला दुसरा शेतकरीही त्या निकालाच्या आधारावर जिल्हाधिकाऱ्यांकडं तोच दर मागू शकतो. मुदत तीन महिने, निकालाच्या तारखेपासून. नक्कल काढायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. मात्र निकाल लागल्याचं कळायला लागलेले दिवस वजा होत नाहीत.

म्हणजे गरीब शेतकऱ्यासाठी केलेलं हे कलम पूर्णपणे दुसऱ्याच्या फाइलवर उभं आहे. ज्या खटल्यात तुम्ही पक्षकार नाही, त्याच खटल्याचा कागद तुमचा हक्क ठरवतो.

काकांना शेजाऱ्याचा निकाल लागल्याचं पाचव्या महिन्यात कळलं, तेही एका लग्नाच्या पंगतीत. ते नक्कल काढायला गेले.

“तुम्ही पार्टी आहात का त्यात?”

“नाही.”

“मग कशाला पाहिजे?”

“त्याला किती भेटलं ते बघायचंय.”

खिडकीतले दोघं-तिघं हसले. दुसऱ्याच्या पैशात कशाला बघता, असं कुणीतरी म्हणालं. काका परत आले. त्यांचं कारण कायद्यात अगदी नंबरासकट लिहिलेलं होतं, पण ते वकिलाला माहीत होतं, काकांना नव्हतं. ‘कलम २८-अ खाली अर्ज करायचा आहे’ म्हटलं असतं तर ते सन्माननीय कारण झालं असतं. ‘बघायचंय’ म्हटल्यावर ती भोचक चौकशी ठरली. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच होता. फरक फक्त शिक्षणाचा होता. तसंही मुदत संपूनच गेली होती. हसू नसतं आलं तरी निकाल बदलला नसता. पण निकाल लागला त्याच दिवशी गावातल्या कुणालाही कारण न सांगता वाचता आला असता, तर मुदत गेली नसती.

पुढं एक गोष्ट झाली. १० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हरियाणातल्या बनवारी यांच्या प्रकरणात सांगितलं की २८-अ चा अर्ज हायकोर्टाच्या अपिलातल्या निकालावरूनही करता येतो. शेजाऱ्याचं अपील आता खंडपीठात आहे. हायकोर्टाचे निकाल वेबसाइटवर कुणालाही वाचता येतात, इंग्रजीत असले तरी. त्यामुळे काकांच्या वतीनं मी त्या केसचा नंबर फोनमध्ये ठेवलाय आणि अधूनमधून बघत असतो. निकाल येईल तेव्हा वाचता येईल. पण तो दर कशावरून ठरला, कुठली खरेदीखतं दाखवली गेली, नकाशा कुठला जोडला, हे फाइलमध्ये आहे. आणि फाइलच्या दृष्टीनं आम्ही परके आहोत.

५

माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. कुणाला काय बघता यावं हे ठरवणारे नियम लिहिणं हा त्यातला रोजचा भाग. तिथं एक गोष्ट लवकर शिकायला मिळते: जे तपासता येत नाही, त्याच्यावर कुलूप बांधायचं नाही. लॉगिनच्या पानावर ‘तुमचा हेतू चांगला आहे का?’ असा चौकोन ठेवला तर चोरही त्यावर टिक करेल. शपथपत्रातल्या कारणाचं तेच होतं. ज्याला कुणाच्या फाइलमधून ब्लॅकमेल करायचंय, तो ‘शैक्षणिक संशोधन’ असं लिहील, सोबत चांगला वकील देईल, आणि त्याचा कागद सुंदर दिसेल. जो खरं बोलतो, ‘बघायचंय’ म्हणतो, तोच अडकतो. अशा गाळणीत खडे खाली जातात आणि धान्य वर राहतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. कारण सांगायला कागदात काय आहे हे आधी माहीत असावं लागतं, आणि कागदात काय आहे हे कळायला आधी कारण सांगावं लागतं. प्रोग्रॅमिंगमध्ये दोन प्रक्रिया अशा एकमेकींची वाट बघत बसल्या तर त्याला डेडलॉक म्हणतात. कारण विचारण्यामागं असं गृहीत आहे की माहितीची गरज माहितीच्या आधी असते. आयुष्यात बऱ्याचदा उलटं होतं. आधी दिसतं, मग कळतं की आपल्याला याची गरज होती.

मराठवाड्याला हे सांगायची गरज पडू नये. २०२३ मध्ये निवृत्त न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा-कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, निजामाच्या काळात ती नोंद लिहिणाऱ्या कारकुनाला तिचा शंभर वर्षांनी काय उपयोग होईल हे सांगता आलं असतं का? त्याला कुणी ‘कशाला पाहिजे?’ विचारलं असतं तर त्यानं ‘सारावसुलीला’ एवढंच सांगितलं असतं. कागदाचा उपयोग नंतर जन्माला येतो. म्हणून आज सुचणाऱ्या कारणांपुरताच तो उघडायचा, हे शहाणपणाचं नाही.

कोर्टाच्या स्वतःच्या कारभाराचे आकडे मागितले की अडचण वेगळी येते. युक्तिवाद संपून निकाल राखून ठेवलेली प्रकरणं किती, असा प्रश्न निवृत्त कमोडोर लोकेश बत्रा यांनी सुप्रीम कोर्टाला माहिती अधिकारात विचारला. केंद्रीय माहिती आयोगानं २०११ मध्ये ही माहिती द्यायला सांगितलं. जानेवारी २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठानं तो आदेश रद्द केला, कारण माहिती त्या स्वरूपात ठेवलेली नव्हती. कायदा असं म्हणतो खरा, की नसलेली माहिती जमवून देणं बंधनकारक नाही. पण त्याच सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये अनिल राय प्रकरणात सांगितलं होतं की निकालावर तो राखून ठेवल्याची आणि सुनावल्याची, अशा दोन्ही तारखा असाव्यात. दोन तारखा प्रत्येक प्रकरणात नोंदल्या जात असतील, तर त्यांच्यातला फरक मोजणं ही संगणकाला एका ओळीची आज्ञा आहे. ‘त्या स्वरूपात ठेवलेली नाही’ हे वाक्य कागदी दप्तराच्या काळात सत्य होतं. आज माहिती कुठल्या स्वरूपात ठेवायची हाच एक नैतिक निर्णय झालाय, आणि तो बहुतेक वेळा कुणीही न घेता होऊन जातो.

६

मग काय करावं? माझं म्हणणं सगळं उघडा असं नाही. प्रश्न बदला, असं आहे.

‘कशाला पाहिजे?’ याच्या जागी ‘यानं कुणाला इजा होते का?’ हा प्रश्न ठेवून बघा. त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी आपोआप मागणाऱ्याकडून सांभाळणाऱ्याकडं जाते. कागद ज्याच्याकडं आहे त्यालाच त्यात काय आहे ते माहीत असतं, त्यामुळे उत्तरही त्यालाच देता येतं. इजा होत नसेल तर द्या. नावामुळं होत असेल तर नाव झाकून द्या. पूर्वी हे काळ्या शाईनं करावं लागायचं, आता नाही. संपूर्ण कागदच इजा करणारा असेल तर देऊ नका, पण का देत नाही ते लेखी सांगा, म्हणजे वरती दाद मागता येईल. शेजाऱ्याच्या जमिनीला सरकारनं दिलेला दर यात कुठं बसतो? तो सार्वजनिक पैसा आहे, सार्वजनिक कोर्टानं ठरवलेला.

यावर एक खरा आक्षेप आहे. काही वेळा इजा कागदात नसते, मागणाऱ्यात असते. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बाईचा नवा पत्ता फाइलमध्ये आहे आणि मागणारा तोच नवरा आहे. इथं ‘कोण मागतोय’ हे बघावंच लागेल, आणि माझा नियम एकटा पुरत नाही हे मान्य. पण इथंही नवऱ्याच्या शपथपत्रावर विसंबून काय मिळणार? तो सुंदर कारण लिहील. इथं विचारायला हवं त्या बाईला. माहिती अधिकाराच्या कलम ११ मध्ये हा शहाणपणा आधीच आहे: माहिती तिसऱ्या माणसाची असेल आणि त्यानं ती गोपनीय मानलेली असेल, तर आधी त्याला नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका. ज्याला लागणार आहे त्याला विचारा, मागणाऱ्याच्या मनात डोकावू नका.

लातूर पॅटर्नच्या पोरांना हे एका उदाहरणात कळेल. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क आहे. परीक्षा मंडळांना भीती होती की यानं व्यवस्था कोलमडेल. कोर्टानं ती मान्य केली नाही, पण तपासणाऱ्याचं नाव झाकायला सांगितलं. म्हणजे इजा कुणाला होऊ शकते ते पाहिलं, तेवढं झाकलं आणि बाकीचं उघडलं. उत्तरपत्रिका कशाला पाहिजे, हे कुठल्याही पोराला सांगावं लागलं नाही. हीच रीत न्यायाधीशांनी परीक्षकांसाठी घालून दिली. ती स्वतःच्या दप्तरासाठी का नको?

आणि कोर्टं हे अर्धंअधिक करतातच. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रीडवर नांदेड किंवा लातूर जिल्ह्यावर बोट ठेवा. किती प्रकरणं प्रलंबित, किती दहा वर्षांहून जुनी, हे लॉगिन न करता दिसतं. ई-कोर्ट्सवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाका, पुढची तारीख दिसते. तिथं कुणी ‘कामून पायजे?’ विचारत नाही, आणि त्यामुळे आजवर कुठलं कोर्ट कोसळलेलं नाही. बोर्ड खुलं, तारखा खुल्या, निकाल खुले. त्या निकालामागचा कागद मागितला की मात्र शपथपत्र लागतं.

कोर्टाचा अधिकार बंदुकीतून येत नाही आणि मतपेटीतूनही येत नाही. तो कारणं देण्यातून येतो. सत्ता असलेल्या इतर कुठल्याही माणसाला आपण प्रत्येक निर्णयाची कारणं लिहून सही करायला लावत नाही, न्यायाधीशाला लावतो. जी संस्था कारणं देण्यावर उभी आहे, तिनं कारणं मागण्याच्या बाबतीत सगळ्यात हात आखडता घ्यायला हवा. हे कायद्याचं कलम नाही, पण कोर्टाच्या पायरीवर विश्वासानं येणाऱ्या माणसाचं कोर्टाशी असलेलं नातं त्यावरच टिकतं.

माझ्या काकांसारख्या माणसाला खिडकीवर एकच प्रश्न विचारला जावा: कोणता कागद? याचं उत्तर त्याला देता येतं. गट नंबर त्याला पाठ असतो.